रयतेच्या मुलांच्या कॉलेजची फी : हक्काचे मागणे, भीक नव्हे

(वाशिम जिल्ह्यातील शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



 आम्ही देवाधर्माची कथा सांगण्यास उभे राहिलो नाही, की कोणाला मत द्या म्हणून सांगण्यासही आलो नाही. ज्या एका रोकड्या प्रश्नाने आपल्या घराघरांत दरवर्षी जून महिन्यात झोप उडते, त्याविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत. तो प्रश्न असा की, बारावी पास झालेल्या मुलाला किंवा मुलीला कॉलेजात घालावयाचे, तर पैसा आणावयाचा कोठून?

आपला जिल्हा कोरडवाहू शेतीचा. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत खरिपावर घर चालते. सोयाबीन, तूर आणि थोडीबहुत कपाशी हीच आपली तिजोरी. आता ह्या तिजोरीचा हिशेब पाहा. मृग लागला की बी-बियाणे, खत, औषध, मजुरी यांचा खर्च अंगावर येतो. असेल नसेल ते मातीत जाते. सोयाबीनचे पोते बाजार समितीत जाते ते दसरा-दिवाळीच्या सुमारास, तूर तर त्याहून उशिरा. आणि कॉलेजचे प्रवेश केव्हा? जून, जुलै, ऑगस्ट! म्हणजे ज्या महिन्यात आपला खिसा फाटका असतो, नेमक्या त्याच महिन्यात फी मागितली जाते. नोकरदाराला बाराही महिने पगार मिळतो. त्याला ही अडचण कळत नाही. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, न्हावी या मंडळींची स्थितीही निराळी नाही. शेतकऱ्याच्या हाती पैसा खेळला तरच कारागिराच्या हाती तो येतो.

मग होते काय? बाप सावकाराच्या ओट्यावर जातो, नाहीतर बैलजोडी काढतो, नाहीतर घरधनीण डोरले मोडते. आणि यांपैकी काहीच शक्य नसले म्हणजे मुलाच्या हाती बॅग देऊन त्याला पुण्याच्या कारखान्यात कंत्राटी मजूर म्हणून पाठवतात, आणि मुलीचे तर लग्नच काढतात. एका वर्षाच्या फीपायी जन्माचे नुकसान होते. आमचे आज एवढेच सांगणे आहे की यांपैकी पुष्कळ नुकसान टाळता येण्याजोगे आहे. सरकारच्या शिष्यवृत्त्या आहेत, फीमाफी आहे, वसतिगृहाचा भत्ता आहे. त्या मागाव्या लागतात, वेळेवर मागाव्या लागतात आणि नीट कागदपत्रांनिशी मागाव्या लागतात. त्या आपण मागत नाही, हे आपले दुखणे आहे.

का मागत नाही? पहिले कारण लाज. आपला शेतकरी मानी. तो म्हणतो, "सरकारच्या दारात हात पसरून लेकरू शिकवायचं, त्यापरीस न शिकवलेलं बरं." बंधूंनो, ही समजूत मुळातच चुकीची आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन ठेवले, त्यात त्यांनी हाच हिशेब मांडला होता. सरकारचा वसूल बहुतांशी रयतेच्या घामातून येतो, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, ही त्यांची तक्रार होती. शिष्यवृत्त्यांविषयीही ते बोलले. नुसत्या चढाओढीने शिष्यवृत्त्या वाटल्या तर दिसायला तो न्याय दिसतो, पण ज्या वर्गांत विद्या पोचलीच नाही त्यांच्यापर्यंत ती त्याने पोचत नाही. सबब काही शिष्यवृत्त्या खास अशा वर्गांसाठी राखाव्या, असे त्यांनी मागितले. आज आपण काडीपेटीपासून डिझेलपर्यंत जे जे विकत घेतो त्यावर कर भरतो. तो पैसा खजिन्यात जातो. त्यातला एक वाटा फीच्या रूपाने आपल्या लेकराकडे परत येत असेल, तर ती भीक कशी? आपल्याच विहिरीचे पाणी आपल्याच मोटेने काढताना कोणी लाजतो काय?

दुसरा दाखला घ्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांकरिता. त्याबद्दल शिक्षण संपल्यावर बडोदे संस्थानात दहा वर्षे नोकरी करावी असा करार ४ जून १९१३ रोजी त्यांनी लिहून दिला होता. एवढ्या मोठ्या माणसाला शिष्यवृत्तीचा अर्ज करण्यात आणि करारावर सही करण्यात कमीपणा वाटला नाही; मग तो आपल्याला का वाटावा? आणि हेच बाबासाहेब पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर, १९४४ साली, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती हिंदुस्थान सरकारकडून सुरू झाली. आज आपण जिला 'पोस्ट मॅट्रिक' म्हणतो तिचे मूळ तेथे आहे. स्वतःला मिळालेला आधार त्यांनी मागच्यांसाठी वाट म्हणून बांधून ठेवला. त्या वाटेवर गवत वाढू देणे हा आपला करंटेपणा होय.

असो. आता मिळण्याजोगे काय काय आहे ते थोडक्यात सांगतो. सगळे तपशील भाषणात बसत नाहीत, आणि उत्पन्नाच्या मर्यादा व रकमा सरकार वेळोवेळी बदलत असते. म्हणून अर्ज भरतेवेळी त्या वर्षीचा नियम वाचून घेणे जरूर आहे.

अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिला आई-बाप दोघांचे मिळून वर्षाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते. आदिवासी मुलांसाठी आदिवासी विकास विभागाची तशीच योजना आहे. विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि विशेष मागासवर्ग यांच्यासाठी शिष्यवृत्ती व फीमाफी आहे; आपल्याकडचे बंजारा, धनगर, माळी, तेली, सुतार, लोहार, कुंभार हे यात येतात. ज्यांना ह्या यादीत जागा नाही अशा आर्थिकदृष्ट्या मागास घरांतील मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्नमर्यादा आठ लाखांची. आणि शहरात राहण्याखाण्याच्या खर्चासाठी अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांचा खास विचार करणारी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे.

मुलींविषयी वेगळे सांगितले पाहिजे, कारण ही गोष्ट पुष्कळ घरांना अजून नीट कळलेली नाही. ८ जुलै २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारने निर्णय काढला की, इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील ज्या मुलींच्या घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांनी सरकारी सामायिक प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, तर त्यांची शिकवणी फी व परीक्षा फी पूर्ण माफ. पूर्वी ही माफी अर्धी होती. म्हणजे इंजिनियरिंग, फार्मसी, शेतकी अशा शिक्षणासाठी मुलगी पात्र ठरली तर निदान ह्या दोन फींचे कारण सांगून तिला घरी बसवता येणार नाही. "पोरीले कायले इतकं शिकवता? तिले त परक्याच्या घरी जाचं हाये," असे जे म्हणतात त्यांना आमचा उलट सवाल आहे. परक्याच्या घरी रिकाम्या हाताने पाठवायची, की हातात विद्या देऊन पाठवायची? लग्नात दोन लाखांचा मांडव घालणाऱ्या बापाने, फी माफ असताना बसभाड्यासाठी हात आखडावा, हे कोणत्या शहाणपणात बसते?

गवंडी, सेंटरिंगवाले, बांधकामावर जाणारे मजूर यांच्याकरिता आणखी एक दार आहे. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे ज्याची नोंदणी आहे, त्याच्या पहिल्या दोन मुलांना मंडळाकडून शिक्षणाला पैसे मिळतात. पदवीसाठी वर्षाला २० हजार, इंजिनियरिंगसाठी ६० हजार, डॉक्टरीसाठी १ लाख असे त्याचे दर आहेत. नोंदणीसाठी मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. आपल्या गावातून किती माणसे दरवर्षी शहरात बांधकामावर जातात आणि त्यांतील किती जणांची नोंदणी झाली आहे, ते आपापल्या मनाशी मोजा.

आता फीएवढीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे राहण्याची जागा. फी माफ झाली तरी अमरावतीत, अकोल्यात, नागपुरात पोर राहणार कोठे आणि खाणार काय? ह्याच प्रश्नावर आमच्या पूर्वीच्या पुढाऱ्यांनी आपली हाडे झिजवली. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचे बोर्डिंग काढले आणि पुढे जैन, लिंगायत, मुसलमान, शिंपी, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगे उभी राहिली. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि त्यांच्या बोर्डिंगातील पोरांना भाकरी मिळावी म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने विकले. आपल्या वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढून सगळ्या जातींची मुले एका पंक्तीला बसवली. परदेशात बाबासाहेबांना शिष्यवृत्तीचा आधार मिळाला. पण १९१७ साली ते बडोद्यास नोकरीवर आले तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास खोली कोणी दिली नाही, हे विसरू नका. जागा नसली तर विद्याही उघड्यावर पडते.

आज सरकारी वसतिगृहे आहेत. समाज कल्याणाची आहेत, आदिवासी विभागाची आहेत, इतर मागास वर्गाचीही निघाली आहेत. तेथे जागा मिळाली तर उत्तम. न मिळाली तर अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना, आणि इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. यात राहण्याजेवणाचे पैसे मुलाच्या खात्यात येतात. स्वाधार योजनेत मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांसाठी वर्षाला ६० हजार आणि जिल्ह्याच्या ठिकाणासाठी ४३ हजार अशी रक्कम ठरवलेली होती. त्यावरून अंदाज यावा. आधी वसतिगृहाला अर्ज केलेला असावा लागतो. तो न करता एकदम पैशाला हात घालून चालत नाही.

योजना ऐकल्या. पण योजना म्हणजे ढगातले पाणी. ते शेतात यावयाचे तर बांधबंदिस्ती हवी. आमच्या विषयातली बांधबंदिस्ती म्हणजे कागदपत्रे. आम्ही जे पाहिले त्यावरून सांगतो की, पात्र नसल्यामुळे जितक्या मुलांची शिष्यवृत्ती जाते त्याहून अधिक मुलांची ती कागद वेळेवर न मिळाल्यामुळे जाते. निकाल लागतो, पेरणी सुरू होते, आणि त्याच आठवड्यात सगळे गाव सेतू केंद्रासमोर रांग लावते. म्हणून आमचा पहिला नियम असा की, शेतीची मशागत जशी उन्हाळ्यात, तशी कागदांची मशागतही उन्हाळ्यातच झाली पाहिजे.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराकडून मिळतो आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते. तेव्हा एप्रिल लागताच नवा काढावा. सात-बारा नसलेल्या कारागिराने "माझ्याकडे जमीनच नाही, दाखला कसला?" असे म्हणून मागे फिरू नये, त्याने स्वयंघोषणा द्यावी आणि तलाठ्याकडून चौकशी करवून घ्यावी. खरे तेच उत्पन्न लिहावे. कमी लिहून पुढे पकडले गेल्यास घेतलेला पैसा परत द्यावा लागतो, आणि लेकराच्या नावाला डाग लागतो तो वेगळाच.

जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्याकडून मिळतो. पण व्यावसायिक शिक्षणाला तेवढा पुरत नाही, जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. येथे जुना पुरावा विचारतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीची जातीची व वास्तव्याची नोंद दाखवावी लागते. ती कोठे सापडेल? आजोबाच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात, जुन्या खरेदीखतात, आणि आपल्या वऱ्हाडात विशेषकरून कोतवाल बुकात. आजा-पणजा शाळेत गेला नसेल. पण तो जन्मला होता, आणि कोतवालाने त्याची नोंद केली होती. ती नक्कल तहसिलीतून काढता येते. घरात सख्ख्या चुलत्याला किंवा भावाला वैधता मिळालेली असेल तर तीही मोठ्या उपयोगाची. हे काम दोन दिवसांचे नव्हे. मुलगा अकरावीत गेला, की त्याच वर्षी कॉलेजमार्फत हा अर्ज टाकला पाहिजे. बारावीच्या निकालानंतर धावणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे.

याशिवाय रहिवासी दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रके, रेशनकार्ड, मध्ये वर्ष गेले असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र, बाप वारला असल्यास मृत्यूचा दाखला, हे सगळे एका पिशवीत घालून कोठीत ठेवावे. आणि सर्व कागदांवर नाव एकसारखे आहे ना ते पाहावे. शाळेत 'ज्ञानेश्वर', आधारवर 'न्यानेश्वर' आणि बँकेत नुसता 'ज्ञानू' असला, तर माणूस एक असूनही यंत्राला ते तिघे वाटतात.

आता अर्ज. हल्ली बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी ह्या सरकारी संकेतस्थळावर भरावे लागतात. आधारला जोडलेल्या मोबाइलवर आकडे येतात, ते घातल्यावाचून दार उघडत नाही. आपल्या घरी बापाने सिमकार्ड बदललेले असते आणि आधारला जुनाच नंबर असतो. मग पोर तासन् तास केंद्रावर बसून राहते. तो नंबर उन्हाळ्यातच दुरुस्त करून घ्यावा. बँकेचे खाते मुलाच्या किंवा मुलीच्या स्वतःच्या नावे असावे, चालू असावे आणि आधारला जोडलेले असावे. दोन बँकांत खाती असतील तर सरकारचा पैसा आधारशी जोडलेल्या खात्यात जातो. कोणते खाते जोडलेले आहे ते बँकेत विचारून ठेवावे. नाहीतर पैसा एकीकडे येतो आणि बाप दुसऱ्या बँकेत खेपा घालतो.

अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकास त्याची ठरलेली मजुरी जरूर द्यावी. तो फुकट बसलेला नाही. पण वापरकर्ता नाव आणि पासवर्ड हे आपल्या घराच्या किल्ल्या आहेत. ते मुलाने स्वतःच्या वहीत लिहून ठेवावे. दुसऱ्याच्या हाती सोपवून निर्धास्त होऊ नये. आणि "साहेबाला द्यावे लागतात, शिष्यवृत्तीतले इतके टक्के माझे," असे म्हणणारा कोणी भेटला तर तो दलाल आहे हे ओळखावे. शिष्यवृत्तीत टक्केवारी कोणाचीही नाही.

अर्ज पाठवला की काम संपले असे समजणे ही मोठी चूक. तो आधी कॉलेजात तपासला जातो, नंतर खात्यात, मग मंजुरी, मग पैसा. मध्ये एखादा कागद अस्पष्ट असला तर अर्ज परत येतो. एका सुतारघरच्या मुलीचा अर्ज असाच परत आला होता, उत्पन्नाचा दाखला जुना जोडला म्हणून. ती समजत होती की अर्ज पुढे गेला, तीन महिने कोणी उघडून पाहिले नाही, मुदत संपली. बापाने रंधा गहाण टाकण्याइतकी वेळ आली, आणि दुसऱ्या वर्षी ती पोर कॉलेजात दिसली नाही. दोष कोणाचा ते शोधीत बसण्यात आज अर्थ नाही. पण दर रविवारी पाच मिनिटे अर्ज उघडून पाहिला असता तर ते वर्ष वाचले असते. आणि ही खटपट दरवर्षी करावयाची आहे, कारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही अर्जाचे नूतनीकरण करावे लागते. हजेरीही पुरी हवी. नाव कॉलेजात आणि पोर बाजारात, असे चालत नाही.

आता नाजूक गोष्ट. केंद्र सरकारच्या १९४४ पासून चालत आलेल्या त्या शिष्यवृत्तीचा केंद्राचा वाटा, जो शेकडा ६० आहे, तो नव्या पद्धतीने थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातील फीचा भाग कॉलेजला भरावयाचा असतो. पैसा खात्यात दिसला की घरात दहा गरजा उभ्या राहतात. औषधाची उधारी, बहिणीची पाठवणी, फवारणीचा पंप! बंधूंनो, तो पैसा बियाण्यासारखा आहे. बियाणे दळून खाल्ले तर एक दिवसाची भाकरी होईल, पण शेत पडीक राहील. फी भरली नाही म्हणजे कॉलेज परीक्षेला अडवते, आणि मग आपण म्हणतो, शिष्यवृत्ती मिळूनही पोर बाहेर पडले.

तितकीच स्पष्ट गोष्ट कॉलेजांविषयी. बारावीचा निकाल लागला की दूरदूरच्या संस्थांची माणसे खेड्यात फिरू लागतात. "फी एक रुपया नाही, सगळे शिष्यवृत्तीतून," असे सांगून मूळ दाखले गोळा करून नेतात. त्यांना तीन सवाल विचारा. कॉलेजला सरकारची व विद्यापीठाची मान्यता आहे काय? हा अभ्यासक्रम शिष्यवृत्तीच्या यादीत आहे काय? प्रवेश सामायिक प्रक्रियेतून मिळणार, की संस्थेच्या कोट्यातून? कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला बहुतेक सवलती मिळत नाहीत. आणि मूळ कागद अडकवून ठेवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाची मनाई आहे, हे ध्यानात ठेवा. पात्र अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला आगाऊ फी न भरता प्रवेश मिळावा म्हणून फ्रीशिप कार्डाची सोय केलेली आहे, ते मागा. नम्रपणे मागा, पण लेखी मागा आणि पोच घ्या.

येथे सरकारलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. आम्ही कागद वेळेवर देऊ; पण पैसाही वेळेवर आला पाहिजे. वर्ष संपल्यावर येणारी शिष्यवृत्ती म्हणजे पीक वाळल्यावर सोडलेले पाटाचे पाणी. ती उशिरा आली की मधल्या महिन्यांचे व्याज गरीब बापाच्या बोकांडी बसते. दाखला ठरल्या मुदतीत न मिळाल्यास २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अपील करता येते, आणि अर्ज कोठे अडला हे २००५ च्या माहितीच्या कायद्याने विचारता येते. वाशिमला समाज कल्याणाच्या सहायक आयुक्तांची कचेरी आहे. एकेकट्याने जाऊन दरवाजाशी उभे राहण्यापेक्षा गावच्या पाच मुलांचे अर्ज एकत्र करून जा. पाच जणांना "उद्या या" म्हणणे जड जाते.

इतके करूनही पैसा कमी पडला, तर सावकाराआधी बँकेचे दार ठोठवा. शैक्षणिक कर्ज म्हणून जे मिळते त्यात चार लाखांपर्यंत पदरची रक्कमही घालावी लागत नाही, आणि साडेसात लाखांपर्यंत तारण नसताना सरकारी हमीवर ते देता येते. हप्ते शिक्षण चालू असताना नसतात. शिक्षण संपून वर्ष लोटल्यावर सुरू होतात. घरचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असून मान्यताप्राप्त संस्थेत तांत्रिक किंवा व्यावसायिक शिक्षण चालू असेल, तर त्या काळाचे व्याज केंद्र सरकार सोसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना निवडक नामांकित संस्थांसाठी आहे. पण कर्ज ते कर्जच. करार वाचून, मुलाला समजावून, आणि त्या शिक्षणाने पुढे काय मिळेल याचा विचार करूनच सही करावी. बाबासाहेबांनीही करार लिहून दिला होता. पण काय लिहून देतो आहोत हे समजून दिला होता.

शेवटी गावाविषयी. एकट्या बापाला हे सारे झेपत नाही. विशेषतः जो स्वतः शाळेची पायरी चढला नाही त्याला. म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक गावात शिकलेल्या तीन-चार तरुणांनी, त्यांत एखादी मुलगी असावीच, उन्हाळ्यात एक वही करावी. गावात दहावी, अकरावी, बारावीला कोण आहे, कोणाकडे कोणता कागद आहे, कोणाचा नाही, हे त्यात लिहावे. वर्गणी नको, अध्यक्ष नको, हारतुरे नकोत. एक वही आणि आठवड्यातून एक संध्याकाळ, एवढ्यावर काम होते. ज्याचा अर्ज मंजूर झाला त्याने पुढच्या वर्षी दोघांचे अर्ज भरून द्यावेत. ही फेड रोख रकमेहून मोलाची आहे. जातीजातींत तट पडू देऊ नका. कुणब्याच्या पोराला ठाऊक असलेला नियम बंजाऱ्याच्या पोरीला सांगितल्याने कुणब्याचा वाटा कमी होत नाही. योजना निरनिराळ्या असतील, पण सेतूची रांग एकच आहे.

ज्यांच्या नावाने आपले विद्यापीठ चालते ते गाडगेबाबा स्वतः निरक्षर होते. पण घरातली भांडी मोडावी लागली तरी चालेल, लेकरू शिकले पाहिजे, असे ते कीर्तनातून बजावीत. आज भांडी मोडण्याची पाळी सगळ्यांवर येत नाही. एप्रिलमध्ये एक दाखला काढावा लागतो, एक नंबर दुरुस्त करावा लागतो, आणि लाज सोडून आपल्या हक्काचे आपण मागावे लागते. तेवढे येत्या उन्हाळ्यात करा. पेरणीच्या दिवसात बाप तिफणीमागे असेल तेव्हा त्याच्या लेकीचा अर्ज पुढे सरकलेला असावा, एवढीच आमची इच्छा आहे.

 आता ज्यांच्या घरी बारावीचे लेकरू आहे त्यांनी उठून न जाता येथेच थांबावे. कागदांची पहिली यादी आजच लिहू.